फुप्फुसाचा आजार, मांडीवरचा करंट

लंडनमधल्या तीन रुग्णालयांतून ५२ माणसं निवडली होती. सगळ्यांचा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, जुना आणि तीव्र. जोरात श्वास सोडला तर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी, तिच्या निम्मीही पडत नव्हती. सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर गेलं की थांबून दम खावा लागे, आणि काहींना तर सदरा चढवतानाच धाप लागे. या माणसांना संशोधकांनी जे उपकरण घरी दिलं, त्याचा छातीशी कुठेच संबंध येत नव्हता. दोन्ही मांड्यांवर चिकटवायच्या पट्ट्या, त्यांना जोडलेल्या वायरी आणि बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र. रोज अर्धा तास, खुर्चीत बसून मांडीला करंट घ्यायचा. असं सहा आठवडे.

निम्म्या लोकांच्या मांडीचा स्नायू या करंटनं डोळ्यांना दिसेल इतका आखडत होता आणि सैल होत होता. उरलेल्यांना तसंच यंत्र दिलं होतं, पण त्याचा करंट इतका सौम्य की त्वचेवर मुंग्या याव्यात, स्नायू मात्र हलू नये. कुणाला कोणतं यंत्र मिळालं, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यांना तपासणाऱ्यांनाही. सहा आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा सहा मिनिटं चालायला लावलं. खऱ्या करंटवाल्यांचं अंतर सरासरी तीस मीटरनं वाढलं होतं. सौम्य करंटवाल्यांचं सहाएक मीटरनं घटलं होतं. म्हणजे फरक ३५.७ मीटरचा. किंग्ज कॉलेज लंडनचे मॅथ्यू मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

धडधाकट माणसाला पस्तीस मीटर म्हणजे काहीच नाही. पण ज्याचं जग पलंग, खुर्ची आणि मोरी एवढ्यातच उरलं आहे, त्याच्यासाठी तेवढ्या अंतरात अंगण येतं, फाटक येतं, शेजारच्यांचा ओटा येतो. अशा रुग्णांचं सहा मिनिटांतलं चालणं तीसेक मीटरनं वाढलं की तो फरक त्यांना स्वतःला जाणवतो, असं या क्षेत्रातले लोक मानतात.

याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. यंत्र बंद करून सहा आठवडे झाले, आणि मिळवलेलं बहुतेक ओसरून गेलं.

आजार फुप्फुसाचा असताना उपचार मांडीवर का, हे समजून घेण्यासाठी रुग्णाला एक साधा प्रश्न विचारावा लागतो. चालताना तुम्ही थांबता ते नेमकं कशामुळे? कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात किरन किलियन आणि नॉर्मन जोन्स यांनी १९९० च्या आसपास हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला. सायकलवर दमेपर्यंत पाय मारायला लावून लोकांना धापेला आणि पायांच्या थकव्याला वेगवेगळे गुण द्यायला सांगितले. फुप्फुसाचे रुग्ण धापेमुळे थांबतात, हे सगळे गृहीतच धरून होते. पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी पायांच्या थकव्याला धापेइतके, किंवा तिच्याहून जास्त गुण दिले. पाय भरून येतात, मांड्या जड होतात, पुढचं पाऊल उचलवत नाही. आपल्याकडचे म्हातारे लोकही हे पूर्वीपासून सांगत आले आहेत, 'दम तर लागतोच, पण पायात त्राणच राहिलं नाही.' आपण त्यातला 'दम' तेवढा ऐकला.

त्राण जातं कुठे? आधी दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो. जिना टाळतो, बाजार टाळतो, मग देवळातही जात नाही. घरातले लोक प्रेमानं पाणी हातात आणून देतात. मांडीचा स्नायू वापराविना बारीक होत जातो. त्यात अंगात सतत धुमसणारा दाह असतो, रक्तात प्राणवायू कमी असतो, जेवण तुटपुंजं असतं. तब्येत बिघडली की स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात आणि त्याही स्नायूला मारक ठरतात. स्नायूतले न थकता, प्राणवायू वापरून बराच वेळ काम करणारे तंतू कमी होतात. लवकर दमणाऱ्या तंतूंचं प्रमाण वाढतं. असा स्नायू थोड्याशा चालण्यानंही लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. ते आम्ल निस्तरताना शरीरात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकायची जबाबदारी शेवटी कुणावर येते? ज्या फुप्फुसांना आधीच झेपत नाही त्यांच्यावरच. श्वास वाढतो, अरुंद नळ्यांतून पूर्ण बाहेर पडायला वेळ न मिळालेली हवा छातीत साठत जाते, धाप आणखी लागते, आणि माणूस पुन्हा खाली बसतो. दुसऱ्या दिवशी तो आणखी थोडं कमी चालतो.

म्हणून मांडी महत्त्वाची. सीओपीडीच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू दुबळा असतो आणि आजार सौम्य असतानाही ही दुर्बलता आढळते, असं ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं. त्याआधी २००७ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी दाखवलं होतं की मध्यम ते तीव्र आजारात कोण किती जगेल याचा अंदाज फुंकून केलेल्या तपासणीपेक्षा मांडीच्या ताकदीवरून अधिक चांगला येतो. हे वाचल्यापासून छातीच्या दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसलेली माणसं पाहिली की माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे जाते. पायजम्यात हरवलेल्या मांड्या, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी घेतलेला आधार. एक्स-रेचं पाकीट घेऊन ते आत जातात. आत छाती तपासली जाते, औषधाचा पंप कसा ओढायचा ते सांगितलं जातं, कधी तेही सांगितलं जात नाही. मांडीला कुणी हात लावून पाहिल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

या आजारात फार काळ विश्रांती हाच सल्ला होता. धाप लागते ना, मग पडून राहा. न्यूयॉर्कच्या अल्व्हन बॅराक यांनी १९५० च्या दशकात याच्या उलट बोलायला सुरुवात केली. डेन्व्हरचे थॉमस पेटी यांनी १९६० च्या दशकात रुग्णांना ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर देऊन चालवायला सुरुवात केली. आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिचर्ड कॅसाबुरी यांनी मोजून दाखवलं की पुरेशा जोराचा व्यायाम नियमित केला की त्याच श्रमाला लॅक्टिक आम्ल कमी तयार होतं आणि श्वासही कमी लागतो. फुप्फुस होतं तसंच राहतं, बदलतो तो स्नायू. पुढे पल्मनरी रिहॅबिलिटेशन या नावानं व्यायाम, श्वासाचं तंत्र, आहार आणि आजाराची समज यांचा सहा-आठ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर रुळला. कॉक्रेन या संस्थेनं २०१५ मध्ये ६५ चाचण्यांतल्या ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. फायदा इतका स्पष्ट होता की हा कार्यक्रम द्यावा की न द्यावा यासाठी आता आणखी चाचण्या करायची गरजच नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. वैद्यकात इतकी स्वच्छ ग्वाही क्वचितच मिळते.

पण व्यायाम करायचा तर आधी उभं राहता आलं पाहिजे. जो माणूस सदरा घालताना दमतो त्याला ट्रेडमिलवर कसं चढवणार? जो नुकताच अतिदक्षता विभागातून बाहेर आला आहे, त्याला वजनं कशी उचलायला लावणार? नेमक्या याच टोकाच्या माणसांसाठी करंटचा विचार सुरू झाला.

विजेनं स्नायू हलतो ही गोष्ट जुनी आहे. बोलोन्याच्या लुइजी गाल्वानींनी बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या द्युशेन यांनी माणसाच्या एकेका स्नायूला वेगळा करंट देऊन त्यांची कामं शोधून काढली. १९७० च्या दशकात सोव्हिएत रशियाच्या याकोव्ह कोट्स यांनी खेळाडूंवर वापरलेली पद्धत अजूनही आपल्या फिजिओथेरपीच्या पुस्तकांत 'रशियन करंट' या नावानं शिकवली जाते. पोलिओ, चेहऱ्याचा लकवा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आलेला अशक्तपणा यांसाठी आपल्याकडच्या फिजिओथेरपी विभागांत स्टिम्युलेटर कित्येक वर्षं आहेच.

एका फिजिओथेरपिस्टला विनंती करून मी तो करंट स्वतःच्या मांडीवर घेऊन पाहिला. मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टी आणि गुडघ्याच्या जरा वर आतल्या बाजूला दुसरी. आकडा वाढवत नेला तशी सुरुवातीला बारीक टोचणी झाली, मग मुंग्या आल्या, आणि मग माझ्या इच्छेशी काही देणंघेणं नसल्यासारखा स्नायू आपोआप गोळा झाला. काही सेकंद आखडणं, मग त्याहून जास्त वेळ सैल होणं. दुखत नाही असं मी म्हणणार नाही. पायात गोळा येतो तेव्हा जे वाटतं त्याच्या जवळपासचं काहीतरी आहे ते, फक्त सोडवता येणारं. पण एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. मांडी राबत होती आणि माझा श्वास जसाच्या तसा होता.

या उपचाराचं सगळं मर्म तिथेच आहे. चालताना शरीरातले मोठमोठे स्नायू एकदम कामाला लागतात, हृदय आणि श्वास दोन्ही धावू लागतात. बसल्या जागी मांडीचा एकच स्नायू करंटनं हलवला तर श्वासावरचा भार फार थोडा वाढतो. त्यामुळे ज्याची सीमा फुप्फुसानं आखून दिली आहे, त्याच्याही स्नायूला त्या सीमेच्या आत राहून काम देता येतं. करंट थेट स्नायूला हलवतो असंही नाही. तो त्वचेखालच्या मज्जातंतूंच्या फांद्यांना जागं करतो आणि त्या स्नायूला हुकूम देतात. मात्र शरीराची स्वतःची शिस्त यात पाळली जात नाही. आपण आपणहून पाय उचलतो तेव्हा आधी छोटे, न दमणारे तंतूंचे गट कामाला लागतात आणि गरज पडली तरच मोठे. करंट मात्र पट्टीखाली जे सापडतील त्यांना एकदमच हलवतो, पुन्हा पुन्हा तेच. म्हणून करंटचा स्नायू लवकर थकतो, आणि म्हणूनच मध्ये विश्रांतीचे सेकंद जास्त ठेवावे लागतात, हळूहळू कमी करत न्यावे लागतात.

सीओपीडीतला याचा पहिला ठोस पुरावा २००२ साली 'थोरॅक्स' या ब्रिटिश नियतकालिकात आला, तोही दोन ठिकाणांहून. स्कॉटलंडमधल्या गटानं १५ रुग्णांना घरी यंत्र दिलं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या गटानं १८ जणांना आठवड्यातून तीन वेळा, सहा आठवडे करंट दिला. येलच्या रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ३९ टक्क्यांनी वाढली आणि चालण्याच्या चाचणीतलं अंतर ३६ टक्क्यांनी. आकडे डोळे दिपवणारे होते, पण रुग्ण मूठभर. पुढच्याच वर्षी इटलीतून आलेला अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथले २४ रुग्ण गळ्यात नळी घातलेले, व्हेंटिलेटरवरचे, महिना-महिना अंथरुणाला खिळलेले होते. सगळ्यांच्या हातापायांची हालचाल करून घेतली जात होती, निम्म्यांना जोडीला करंट दिला गेला. पलंगावरून खुर्चीत बसायला करंटवाल्यांना सरासरी पावणेअकरा दिवस लागले, इतरांना चौदाहून थोडे जास्त. ज्याच्या घरचं माणूस कधी अतिदक्षता विभागात पडून राहिलं आहे, त्याला या साडेतीन दिवसांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

किती जोराचा आणि कसा करंट, या प्रश्नाचं चांगलं उत्तर नेदरलँड्समधून आलं. हॉर्न या गावातल्या केंद्रात मौरिस सिलेन आणि सहकाऱ्यांनी दुबळ्या मांड्यांच्या १२० रुग्णांचे तीन गट केले. एकाला सेकंदाला ७५ स्पंदनांचा करंट, दुसऱ्याला १५ स्पंदनांचा, तिसऱ्याला वजनांचा व्यायाम. आठ आठवड्यांनंतर ७५ वाला गट वजनं उचलणाऱ्यांच्या बरोबरीला आला. १५ वाला मागे राहिला. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. याचा अर्थ असा की पट्ट्या चिकटवल्या आणि काहीतरी गुणगुणतंय एवढ्यानं भागत नाही. करंटची जात, त्याचा जोर, आखडण्या-सैल होण्याचं प्रमाण हे औषधाच्या मात्रेसारखं ठरवावं लागतं. मात्रा कमी पडली की उपचार केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

हे सांगायचं कारण म्हणजे बाजार. पाठदुखीसाठी मिळणारं टेन्सचं यंत्र दिसायला असंच असतं, पण त्याचं काम दुखण्याची जाणीव दडपण्याचं आहे. स्नायूला ताकद यावी म्हणून ते बनवलेलं नसतं. रात्री उशिरा टीव्हीवर दिसणारे पोट कमी करणारे पट्टे तर आणखी वेगळे. अशाच तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००२ मध्ये खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती. गंमत म्हणून घेण्याची ही वस्तू नाही. छातीत पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असेल, पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, पट्टीच्या जागी जखम किंवा कर्करोगाची गाठ असेल, मधुमेहानं त्या भागाची संवेदना गेली असेल, फिट्स येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावू नये, आणि यातल्या काहींनी तर तो घेऊच नये.

आता ज्या अभ्यासाबद्दल या विषयावर उत्साहानं बोलणारे फारसं बोलत नाहीत, त्याकडे येतो. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटाचा हा अभ्यास 'बीएमजे'नं २०१४ मध्ये छापला. फुप्फुसाचा जुना आजार अचानक बळावून रुग्णालयात भरती झालेले ३८९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत व्यायाम सुरू केला गेला. त्यात चालणं होतं, ताकदीचे व्यायाम होते आणि मांडीला करंटही. लवकर सुरुवात केली तर वर्षभरात पुन्हा भरती व्हायचं प्रमाण कमी होईल अशी अपेक्षा होती. झालं नाही. व्यायामाच्या गटातले ६२ टक्के पुन्हा भरती झाले, दुसऱ्या गटातले ५८ टक्के. आणि वर्षाच्या आत मृत्यू झालेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात २५ टक्के होतं, दुसऱ्यात १६.

हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो. करंटनं माणसं दगावली असा याचा अर्थ निघत नाही. तो तिथल्या उपचाराचा एक भाग होता, आणि मृत्यू रुग्णालयात घडले असं नाही, पुढच्या वर्षभरात घडले. ज्यांना रुग्णालयातच व्यायाम मिळाला होता ते घरी गेल्यावर नेहमीच्या व्यायामवर्गाला तुलनेनं कमी आले, हेही त्यात नोंदलं आहे. तरी आजार भडकलेला असताना, शरीर मुळातच झुंजत असताना, घाईघाईनं सगळं लादू नये, एवढी समज यातून घ्यायलाच हवी. करंटची जागा आहे ती आजार स्थिर झाल्यावर, किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांसाठी जाणकारांच्या देखरेखीखाली.

२०१८ मध्ये कॉक्रेननं करंटवरच्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. तो वाचताना माझं मत पक्कं झालं. नुसता करंट दिला तर मांडीची ताकद वाढते, चालणंही चाळीसेक मीटरनं वाढतं. अतिगंभीर रुग्ण जवळजवळ पाच दिवस आधी पलंगाबाहेर बसू लागतात. पण जो रुग्ण मुळात नीट व्यायाम करू शकतो आहे, त्याला वर करंट देऊन स्नायूंची ताकद आणखी वाढते असं ठामपणे दिसत नाही. आणि एकूण पुराव्याचा दर्जा कमी किंवा फारच कमी, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे जो चालू शकतो त्यानं चालावं. करंट आहे तो न चालू शकणाऱ्याला चालण्यापर्यंत आणण्यासाठी. बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करावी तसा. लंडनच्या रुग्णांचा फायदा ओसरला तो याचमुळे, असं मला वाटतं. सहा आठवड्यांत मिळालेले पस्तीस मीटर पुढे रोजच्या चालण्यात आले नाहीत तर ते टिकतील कसे?

हे सगळं लंडन, हॉर्न आणि लेस्टरमध्ये झालं. पण हा आजार आपल्याकडेही थोडाथोडका नाही. जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार भारतात सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वासाच्या जुन्या आजारांमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांत ३२ टक्के. आणि हा नुसता विडी-सिगारेटचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटींच्या आसपास आहेत, पण लाकूड, गोवऱ्या, पाचोळा यांच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी हा विषय जगापुढे मांडण्यात पुण्यातल्या या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत कापसाचे तंतू श्वासात घेतलेले कामगार आहेत, दगडखाणींतले मजूर आहेत. क्षय बरा झाला पण फुप्फुसावर कायमचा व्रण घेऊन जगणारे लोक आहेत, आणि त्यांची तर वेगळी गणतीही होत नाही.

माझी मावशी यांतलीच एक. वाईच्या बाजूला तिचं सासर. उभ्या आयुष्यात तिनं विडीला हात लावला नाही, पण चुलीपुढे बसली ती लग्न झाल्यापासून. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि पुढे तिच्याकडेही गॅस आला, तोवर भाकरीपायी ओढलेला धूर छातीत जाऊन बसला होता. निदान झालं, पंप मिळाला, तो ती नियमानं घेते. पण त्या सगळ्या खेपांमध्ये तिला कुणी सांगितलं नाही की मावशी, रोज दहा वेळा खुर्चीतून उठा आणि बसा. सांगितलं ते एवढंच, 'आता दगदग करू नका.' तिनं ते मनापासून पाळलं. ओढ्यावरून पाण्याची घागर डोक्यावर आणणारी बाई आज एसटीच्या पायऱ्या चढताना दोन माणसांचा हात धरते.

दोष एका डॉक्टरचा नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्णागणिक हाती येणाऱ्या मोजक्या मिनिटांत पंपाचं तंत्र शिकवणं होत नाही, तिथे व्यायाम कधी सांगणार? पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा पूर्ण कार्यक्रम चालवणारी ठिकाणं मोठ्या शहरांत आहेत, तीही मोजकी. आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला आठवड्यातून तीनदा गाडी बदलून तिथे पोचणं शक्य नसतं. जो चालत येऊ शकतो त्यालाच चालायला शिकवणारी ही व्यवस्था आहे, आणि हे मला सर्वांत जास्त खुपतं.

पण एक गोष्ट आपल्याकडे आहे. तालुक्याच्या गावीसुद्धा आता फिजिओथेरपीचे दवाखाने आहेत. तिथे गुडघ्याला शेक देतात, कंबरेला ट्रॅक्शन लावतात, लकव्याच्या रुग्णाला करंट देतात. स्टिम्युलेटर तिथे असतो, तो वापरणारे प्रशिक्षित हातही असतात. तिथे पोचत नाही तो फक्त छातीचा रुग्ण, कारण त्याच्या चिठ्ठीवर फिजिओथेरपी असं कुणी लिहीतच नाही. छातीचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट कित्येकदा एकाच इमारतीत बसतात. दोघांमध्ये एका चिठ्ठीचं अंतर आहे.

आणि घरी वापरायचं यंत्र? ते काही हजार रुपयांत मिळतं. सहा-आठ आठवड्यांच्या कामासाठी प्रत्येकानं ते विकत घ्यावं असंही नाही. आपल्या महाराष्ट्रात रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांची फार चांगली रीत आहे. गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, सेवाभावी संस्था वॉकर, व्हीलचेअर, वर-खाली होणारे पलंग नाममात्र भाड्यानं किंवा अनामत घेऊन देतात. करोनाच्या काळात याच केंद्रांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघर पोचवले. तिथल्या कपाटात चार स्टिम्युलेटर ठेवता येतील. पण नुसतं यंत्र देऊ नये. सोबत गावातल्या एका फिजिओथेरपिस्टशी बोलून ठेवावं. त्यानं पहिल्यांदा घरी येऊन पट्ट्यांच्या जागा मांडीवर पेनानं आखून द्याव्यात, मात्रा ठरवावी, दर आठवड्याला ती वाढवावी. पट्ट्या प्रत्येक रुग्णाला नव्या द्याव्यात. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून करंटच्या जोडीला खुर्चीतून उठणं-बसणं, मग अंगणात फेरी, हे सुरू झालंच पाहिजे, नाहीतर लंडनसारखंच सगळं ओसरून जाईल.

यंदाच्या दिवाळीत मंडळाच्या वर्गणीतून काय करावं यावर बैठक होईल, तेव्हा हा विषय तिथे मांडा. आणि तुमच्या घरात पंप घेणारं, हळूहळू खुर्चीत खिळत चाललेलं कुणी असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. यांच्या पायांची ताकद कुणी तपासली आहे का? आणि यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवायची चिठ्ठी मिळेल का?